भटूदादाचं खाकरणं

धीरजने फक्त ट्यूबलाइट लावली. एवढंच. रात्रीचे दोन वाजले होते, मोबाइलचा गजर वेळेवर वाजला होता आणि धीरज वेळेवर उठलाही होता. नाशिकच्या त्याच्या ऑफिसात हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. आईच्या खोलीत तो तरातरा शिरला आणि बटण दाबलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या दगूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. एका हाताने पलंगाची दांडी धरली होती, दुसऱ्या हाताने अंगाखालचं ओलं दुपटं ओढत होत्या. कुणी यायच्या आत ते पलंगाखाली सरकवायचा त्यांचा बेत असावा. उजेड पडला आणि समोर धाकटा लेक. त्यांचे दोन्ही हात पदराकडे गेले. दांडी सुटली.

पडल्याचा आवाजही फारसा झाला नाही. खुब्याचं हाड मोडलंय हे सकाळी शहाद्याला फोटो काढल्यावर कळलं.

धीरजला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. थोरला भाऊ भटूदादा बायकोला घेऊन सुरतेला निघाला होता, लेकीच्या, रोहिणीच्या, बाळाच्या बारशाला. तीन वर्षांत गावाबाहेरची त्याची ही पहिली रात्र. "दादा, तू बिनधास्त जा, मी आहे ना," असं म्हणत धीरज मोठ्या माणसांच्या डायपरचा खोका घेऊन नाशिकहून मुद्दाम आला होता. भटूदादाने त्याला सगळं समजावलं, कुठे काय ठेवलंय ते दाखवलं, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा मान बाहेर काढून म्हणाला, "आनि खाकरीसन जाजो रे तिन्हाकडे!"

"दादा, आई आहे ती आपली, कलेक्टर नाही," धीरज हसत म्हणाला होता.

कळसाडीत भटूदादाला ओळखत नाही असं कुत्रं नाही, कारण रात्री दोन वाजता गावच्या रस्त्यावर ते आणि भटूदादा एवढेच असतात. शेतीची लाइन, म्हणजे वीज, आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची. केळीला पाणी द्यायचं तर अकराला पंप चालू, दोनला वाल्व फिरवायचा, पाचला पुन्हा. साठीला आलेला हा माणूस तीस वर्षं तुकड्यातुकड्यानेच झोपत आला. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढून होईपर्यंत त्याची एक डुलकी होते. वाढप्यांनाही ते माहीत आहे, ते त्याचं ताट सोडून पुढे जातात आणि परत येतात.

तीन वर्षांपूर्वी दगूबाईंचा लघवीवरचा रात्रीचा ताबा सुटला. आधी सगळं भटूदादाची बायको, चारुलतावहिनीच करायच्या. मग त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची बंदी घातली. भटूदादा म्हणाला, मी तसाही जागाच असतो. केळीची पाळी आणि आईची पाळी एकाच घड्याळावर.

पहिल्या रात्री तो गेला तेव्हा दगूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते सकाळपर्यंत वळवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांनी पाणीच सोडलं. पोटात पाणी नाही तर रात्री लेकासमोर लाज नाही, हा त्यांचा हिशेब. पाचव्या दिवशी लघवीला आग, अंगात ताप आणि मेलेल्या आईशी गप्पा. डॉक्टर भटूदादालाच रागावले. पाणी तोडून हे थांबत नाही, उलट आत जंतू होतात. दिवसा भरपूर पाणी द्या, संध्याकाळनंतर चहा नको, आणि ठरल्या वेळी उठवून बसवा.

ठरल्या वेळा भटूदादाला तोंडपाठ होत्या. पण पाणी प्यायला लावायचं कसं? म्हातारीला भीती लघवीची नव्हती. लेकाची होती.

या घरात एक रीत होती. भटूदादाचे आजोबा ओसरीवरून आत येताना उंबऱ्याशी थांबून खाकरायचे. घशातून, जाड, दोनदा. मग आत सुनांचे पदर हनुवटीपर्यंत यायचे आणि म्हातारा कुणाकडे न बघता आत यायचा. दगूबाईंनी तीस वर्षं त्या खाकरण्यावर पदर ओढला. एका रात्री दोन वाजता भटूदादा उंबऱ्याशी थांबला आणि आजोबांसारखा खाकरला. जाड. दोनदा.

अंधारात बांगड्या वाजल्या. पदर हनुवटीपर्यंत आला.

तो आत गेला. बॅटरी जमिनीकडे धरून पलंगाखाली ठेवली. बैठक कापून खाली बादली बसवलेल्या खुर्चीवर त्यांना बसवलं. ओलं दुपटं झाकणाच्या डब्यात टाकलं, रबरी कापड पुसून कोरडं केलं. कोमट पाण्याने अंग धुतलं, घासलं नाही, टिपलं. खोबरेल लावलं. वर सुकं दुपटं. साबणाने हात धुतले. सगळं मुकाट्याने. पदराखाली त्याची आई नव्हती, घरातली कुणी सून होती. आणि तोही कुणाचा लेक नव्हता. मग तो पुन्हा उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. पदर वर गेला आणि आतून आवाज आला, जणू तो आत्ताच शेतातून येतोय:

"भटू, लाइन उनी का?"

"उनी ना, माय."

"केळीले पानी पुरनं का?"

"पुरनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दगूबाई दोन तांबे पाणी प्यायल्या. मग तीन वर्षं हेच. दुपटी रोज गरम पाण्यात वेगळी धुवायची, मागच्या परसात कडक उन्हात वाळवायची, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी. खोलीला वास नव्हता. येणारा-जाणारा म्हणायचा, म्हातारी अजून खणखणीत आहे. त्या खणखणीतपणात भटूदादाची किती झोप गेली, हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्याच्या समोरच तो डुलकी काढायचा.

हे सगळं धीरजच्या एका बटणाने संपलं.

हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या, असं शहाद्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता उठवणं नाही, खुर्ची नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि पडल्या जागी सगळं आवरायचं. धीरजने महिन्याची रजा टाकली. पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं पाण्याच्या फायली फिरवलेला हा माणूस परसात बसून दुपटी पिळू लागला. त्याचा खोकाही कामाला आला, पण वेगळ्या रीतीने: भटूदादा डायपर फाडून सपाट करायचा, आईच्या अंगाखाली पसरायचा आणि ओला झाला की लगेच काढायचा.

धीरजला आत जाता येत नव्हतं, एवढंच. त्या रात्रीपासून त्याचं पाऊल वाजलं की दगूबाईंचा पदर खाली यायचा. दिवसाढवळ्यासुद्धा. तो चहा घेऊन उंबऱ्याशी उभा राहायचा. "आई, मी धीरज." पदराखालून काही नाही. फार झालं तर, "भटूले धाड."

विसाव्या दिवशी भटूदादाला आईच्या माकडहाडावर लिंबाएवढा लाल डाग दिसला. डॉक्टर येऊन बघून गेले. कातडी अजून शाबूत आहे, म्हणाले. एकदा उघडली तर या वयात भरून येत नाही, आणि मग दिवस मोजायचे. एकट्याने कूस बदलताना त्या चादरीवर घासल्या जातात. दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून अलगद उचलायला हवं. वहिनींना बंदी. बाहेरची बाई दोन दिवस आली. दगूबाईंनी दोन्ही दिवस पाणी सोडलं.

त्या दिवशी दिवेलागणीला भटूदादा खांद्यावर सुकी चादर टाकून परसात आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाला, "धीरज, ऊठ. चादर धर."

धीरजच्या हातात पिळलेलं दुपटं होतं. "माझ्या हातून नको दादा. ती माझं तोंड बघत नाही."

"तुन्हं तोंड दखीसन तिले काय करनं शे? तिले आपलं झाकनं शे."

दोघे उंबऱ्यापर्यंत आले. आत अंधार होता. पलंगावरून कण्हणं ऐकू येत होतं, बारीक, एका लयीत. धीरज थांबला. गेले वीस दिवस सगळे त्याला समजावत होते. नाशिकहून बायको फोनवर म्हणाली होती, वयच झालंय. वहिनी म्हणाल्या होत्या, आज ना उद्या पडल्याच असत्या. डॉक्टरही म्हणाले होते, या वयात हाडं अशीच. भटूदादा तेवढा काहीच बोलला नव्हता.

"दादा, एकदा सांगून टाक," धीरज खालच्या आवाजात म्हणाला. "आई माझ्यामुळेच पडली ना?"

भटूदादाने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि मानेनेच आत चलायची खूण केली.

"हाव, तुन्हामुयेच पडनी, आते खाकर नी मझार चाल."