कौलाआधीचा पंखा

आमच्या गावच्या देवळात कौल लावायचा असला की आधी पंखा बंद करतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. परवा चुलतभावाने विचारलं, लेकीला शिकायला पुण्याला धाडू का? लेक शेजारीच उभी होती. गुरव तिला म्हणाले, "बाय, पंखा बंद कर गो. वाऱ्यानं पाकळी पडायला नको." तिने बटण दाबलं.

डावी पडली.

"देवाच्या मनात नाही," भाऊ सुटका झाल्यासारखा म्हणाला. सगळं वरूनच ठरलेलं असतं म्हणे, पण वरच्याला साधा पंख्याचा वारा आवरत नाही! माणसाच्या हातून काही घडतं, हे यांना पक्कं ठाऊक आहे, फक्त पंख्यापुरतं.

पोरीचं बोट अजून बटणावरच होतं.