निळ्या रेषेच्या आतला शेजारी

उंच फळीवरचा तो साखरेचा डबा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोलीस उपनिरीक्षक म्हणून मी थोडीच वर्षं काढली, मग राजीनामा दिला. त्या वर्षांतली ही केस, रत्नागिरी तालुक्यातली.

फिर्यादी बाई एकटी राहायची, नवरा आखातात. तो परत आल्यावर घर बांधायचं म्हणून तिने नदीकाठी प्लॉट घेतला. बांधकाम परवानगी नाकारली गेली, तेव्हा कळलं की प्लॉट पूररेषेच्या नकाशात निळ्या रेषेच्या आत आहे. तिथे घर बांधताच येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असता, तर निदान अटींवर परवानगी मिळाली असती. दलालाने तिला दिलेल्या नकाशात निळी रेषा नदीकडे सरकवलेली होती.

चौकशीत दलाल एकच सांगायचा. "मॅडम, मलाही नकाशा असाच मिळाला. तिथे पाणी भरतं हे मला काय माहीत? शेजारच्या आजोबांना विचारा."

हवालदार म्हणाले, "आता हा नदीलाच आरोपी करणार."

आजोबा ऐंशीच्या घरातले. वाडीतली बाकीची घरं मुंबईला गेलेली.

"पाणी? नाय बाय, कधी नाय." असं म्हणून ते चहा ठेवायला उठले आणि साखरेसाठी स्टुलावर चढले. मी नुसती बघत होते. डबे, पातेली, देव, सगळं माझ्या डोक्याच्या वर. खालची भिंत मोकळी, तिच्यावर नवा ऑइलपेंट.

"आजोबा, साखर इतक्या वर का?"

ते डबा घेऊन स्टुलावरून खाली उतरले. मग म्हणाले, "भिंतीवर पुराच्या खुणा होत्या. ती बाई बघायला यायच्या आधी त्या दलालानंच रंग आणून दिलान."

"तुम्हाला काय मिळालं?"

"काय नाय. शेजारी कोणतरी आला असता."

रंगाच्या दुकानदाराने दलालाला ओळखलं. त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं. हवालदार आजोबांनाही आरोपी करा म्हणत होते. मी त्यांना साक्षीदार केलं. फिर्यादी बाईला हे सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खरं सांगितलं असतं, तर मी त्यांना भेटायला तरी येत राहिले असते." प्लॉट तसाच पडून आहे.

जमीन घेणाऱ्यांना मी आता सांगते, पूररेषेचा प्रमाणित नकाशा कार्यालयातून स्वतः काढा आणि शेजारच्या घरात फळ्या किती उंचीवर आहेत ते बघा. माणूस कशाकशासाठी खोटं बोलतो, ते मात्र कुठल्याच नकाशात मिळत नाही.

जबाब लिहून घेतल्यावर आजोबांनी विचारलं होतं, "परत कधी येशील?"

"समन्स आलं की."

समन्स पोचवणं शिपायाचं काम. ते मीच घेऊन गेले.