पाणी तिचं, डाळ माझी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते डाळ गाळायचं. बायको तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, जुन्या धोतराचं फडकं दोन्ही हातांनी ताणून धरलं, आणि मी वरून पातेलं ओतलं. खाली गळलं ते पाणी तिचं, फडक्यात राहिली ती डाळ माझी. रोजचंच होतं. "हळू वता, हात भाजतोय," म्हणाली. मी म्हणालो, "मग फडकं नीट धर की." बस्स. लोकांना वाटतं शेवटी माणसं काहीतरी मोठं बोलतात. न्हाई बोलत.

लातूरला तिचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं होतं. नांदेडला दिलेल्या लेकीनं डॉक्टर शोधला. त्यानं सांगितलं, आधी पंधरवडाभर नुसतं पातळ घ्यायचं. चरबीनं फुगलेलं लिव्हर लहान झालं तरच आत दुर्बीण फिरवायला जागा होते. म्हणून डाळीचं पाणी, लोणी काढलेलं ताक, आणि डब्यातली एक पांढरी पावडर पाण्यात कालवून. त्या पावडरीला ओल्या भिंतीचा वास यायचा. बायको नाक दाबून प्यायची.

हे सगळं कशासाठी ते सांगतो, कारण कुणीच विचारलं नाही. विचारायच्या आधीच दात काढले. म्हातारीला आता बारीक होऊन सिनेमात जायचंय का म्हणे. तिला खाली बसायचं होतं. आम्ही लिंगायत. सकाळी जमिनीवर मांडी घालून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची असते. वजनानं तिचे गुडघे गेले आणि मांडी सुटली. कित्येक वर्षं ती खुर्चीवर बसूनच पूजा करायची, आणि संपली की त्याच खुर्चीवरून देवाची माफी मागायची. एकदा खाली बसून पूजा झाली की मी सुटले, असं म्हणायची. एवढंच मागणं होतं.

त्यात येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जाऊन जेवतं. कडब्याच्या कोपीसमोर भाऊबंदांची पंगत बसली. ही बाजूला खुर्चीत, हातात डाळीच्या पाण्याचा गिलास. माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, भज्जीचं, म्हणजे येळवसेच्या मिसळ भाजीचं ताट घेऊन हिच्या नाकापाशी आली.

"खा गं. तुझ्या पोटाला एवढ्यानं काय व्हतंय? खुर्ची तेवढी मोडू नको."

सगळी पंगत हसली. हसणारे सगळे माझ्या रक्ताचे. हिनं गिलास रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अक्का, पुढल्या येळवसेला तुमच्या शेजारी खाली बसते. तवा वाढा."

पुढली येळवस कुठली आलीय. ती शेवटची डाळ गाळली, त्याच दुपारी ही बसल्या बसल्या गेली. गिलास अर्धा राहिला. डॉक्टर म्हणाला हृदय, ते आधीपासूनच थकलेलं होतं. गाव म्हणालं, नवऱ्यानं उपाशी मारली. म्हणू दे. हीच तोंडं ती खात होती तेव्हा तिचे घास मोजत होती.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बसवून पुरतात. खड्डा खणताना कुणीतरी म्हणालं, जरा रुंद घ्या. कोण म्हणालं ते मला माहीत आहे. माझ्या मयतीला त्यानं येऊ नये. चौघांनी धरून तिची मांडी घातली. जिवंतपणी वाकले नाहीत ते गुडघे वाकले. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग. विधीला आलेले स्वामी म्हणाले, बसली बघा एकदाची, समाधान माना. मी मानलं नाही. तिला असं बसायचं नव्हतं.

त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. वहिनीनंच पिठलं-भाकरी आणली आणि घास माझ्या तोंडापाशी धरला.

"भावजी, खावा दोन घास. ती तर बिचारी उपाशीच गेली."

"उपाशी न्हाई गेली," मी म्हणालो. "तिनं सोडलं होतं. कुणी कितीबी नाकापाशी नेलं तरी खाल्लं न्हाई."

ताट सरकवलं. वहिनी रात्री आमच्याकडंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅस पेटवला. वहिनी मागून म्हणाली, इतक्यात पेटवू नये. मी वळून बघितलं नाही. डाळ शिजवली. फडकं धरायला वहिनीनं हात पुढं केले, मी दिलं नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांना फडक्याची टोकं बांधली, खाली पातेलं ठेवलं आणि हळू ओतलं.

फडक्यातली डाळ वाटीत काढून वहिनीपुढं ठेवली. पाणी बायकोच्या गिलासात घेतलं, जमिनीवर मांडी घालून बसलो आणि सगळं पिलो. मीठ घालायचं राहिलं होतं.