मशीनला पोट दिसत नाही

रिपोर्ट हातात आला की ताई आधी त्याचा उजवा रकाना तळहाताने झाकायच्या. तुम्ही कधी रक्ताचा रिपोर्ट घेतला असेल तर तो रकाना तुमच्या ओळखीचा असेल. कुठला आकडा किती ते किती असावा, हे तिथे छापलेलं असतं. आपला आकडा त्याबाहेर गेला की तो ठळक छापून येतो, आणि आपण सगळे तो ठळक आकडाच शोधतो.

"पोटुशी बाईचा रिपोर्ट आहे ना? मग हे झाक," ताई म्हणायच्या. "मशीनला पोट दिसत नाही."

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका लहानशा लॅबमध्ये त्या टेक्निशियन होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, अंबरनाथहून यायच्या. उजव्या हातात बांगडी घालत नसत. शीर शोधताना ती वाजते आणि बाई दचकते, म्हणून. मी कॉलेज सुटल्यावर दुपारी तिथे रिपोर्टच्या काउंटरवर बसायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं जे काही घरात येई, ते माझ्या पुढ्यात ठेवलं जाई.

रिपोर्टचा अर्थ आपण सांगायचा नाही, तो डॉक्टरांनीच सांगायचा, असा लॅबचा नियम होता. म्हणून ताई फक्त वार सांगायच्या. "तुमची तारीख शुक्रवारची ना? मग शुक्रवारीच दाखवा," म्हटलं की बाई हसत जिना उतरायची. "उद्या सकाळी दाखवा," म्हटलं की ती रिपोर्टाची घडी न घालता तो तसाच छातीशी धरून न्यायची.

एकदा मात्र नियम मोडलाच. एक सिंधी सासूबाई आठव्या महिन्यातल्या सुनेला ओढतच घेऊन आल्या. लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा ठळक होता.

"सिस्टर, देखो, इसका लिव्हर खराब हो गया! मैं बोलती थी, चाट मत खा, चाट मत खा."

सून रडवेली झाली होती. ताईंनी रकाना झाकला. "अम्मा, ये नंबर इस महीने में बढ़ता ही है. बच्चे की वजह से. तारीख पे डॉक्टर को दिखाओ."

"और चाट?"

"चाट का रिपोर्ट इधर नहीं निकलता."

सून फस्सकन हसली. सासूबाईंनी आधी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग त्याही हसल्या.

मला ताई शिकवायच्या, पण घाईघाईत, हातातलं काम न थांबवता. "एकटा रिपोर्ट मुका असतो गं. मागचा शेजारी ठेव, मग तो बोलतो." मी मान हलवायचे. मला वाटायचं, मला सगळं समजलं. खरं तर ठळक आकड्याला लगेच घाबरायचं नाही, एवढंच मी शिकले होते. ठळक नसलेल्यालाही कधीकधी घाबरावं लागतं, हे राहूनच गेलं.

माझ्या वहिनीचा तेव्हा आठवा महिना संपत आला होता. शनिवारी तिचा रिपोर्ट मीच छापला आणि हेंद्रेपाड्याला घरी नेला. तिचे पाय सुजले होते. दादा चप्पल घालून तयारच होता. "काय गं, दाखवून येऊ का आत्ताच? डॉक्टर आठपर्यंत असतात."

मी रिपोर्ट पाहिला. एकही आकडा ठळक नव्हता. "सगळं नॉर्मल आहे," मी म्हटलं. "बुधवारी तारीख आहे ना, तेव्हा दाखव." मी वारसुद्धा सांगितला, ताईंसारखा. दादाने चप्पल काढली. आई वहिनीला म्हणाली, "बघ, शिकवल्याचा असा उपयोग होतो."

सोमवारी दुपारी ताई डबा उघडत होत्या. मी सहज म्हटलं, "वहिनीचं डोकं दोन दिवस दुखतंय. आई म्हणते, उन्हाचं आहे. रिपोर्ट तर नॉर्मल आला."

"मागचा काढ."

मी कॉम्प्युटरवरून दोन्ही काढून दिले. त्यांनी ते शेजारीशेजारी ठेवले, उजवा रकाना झाकला आणि प्लेटलेट्सच्या ओळीवर बोट ठेवलं. पाचव्या महिन्यात दोन लाख साठ हजार. आता एक लाख पंचावन्न. दीड लाखाच्या वर होत्या, म्हणून मशीन गप्प बसलं होतं.

"डोळ्यांपुढे अंधारी येते का तिला?"

"सकाळी म्हणत होती तसं."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "घरी फोन लाव. हॉस्पिटलात न्यायला सांग."

"आज?"

"आज नाही गं. आत्ता."

बीपी खूप वाढलेलं निघालं; प्लेटलेट्स त्यानेच उतरत होत्या. त्याच संध्याकाळी सिझर झालं. वहिनी वाचली. मुलगी चार दिवस काचेच्या पेटीत होती. पाचव्या दिवशी दादा तिला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला. इतकी लहान, की एक हात पुरला असता.

महिन्याभराने दादा लॅबमध्ये आला. मी काउंटरवरच होते, पण तो माझ्याशी बोलला नाही, सरळ ताईंकडे गेला.

"ताई, एक विचारायचं होतं. त्या शनिवारच्या रिपोर्टात काही दिसत होतं का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही. एकही आकडा बाहेर नव्हता. कुणालाच कळलं नसतं."

दादाने हात जोडले आणि तो गेला. रिपोर्टाबद्दल ताई अर्धंच खरं बोलल्या, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. मी आत गेले तेव्हा त्या हात धूत होत्या, पुन्हा पुन्हा. मी विचारलं, "शनिवारीच नेलं असतं तर?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर बाया बसल्यात. पुढचा नंबर घे."

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. हृदयविकाराने, अचानक. मी आणि दादा अंबरनाथला त्यांच्या घरी भेटून आलो. भिंतीवर फोटो होता, पण त्यातल्या ताई फार तरुण होत्या, मला ओळखू येईनात. परतताना स्कूटर चालवता चालवता दादा म्हणाला, "देवमाणूस होत्या. त्या दिवशी त्या तसं बोलल्या, म्हणून मी झोपू शकलो." मी मागे बसले होते.

वहिनीला आता पुन्हा चौथा महिना आहे. काल दादाने तिचा रिपोर्ट आणून माझ्या हातात दिला. "बघ गं, तुला कळतं."

त्या शनिवारचं खरं माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. मी रिपोर्ट न उघडता ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "दादा, हा आधी डॉक्टरांना दाखवू. पण त्याआधी जरा बस. ताई तुला खोटं बोलल्या होत्या, माझ्यासाठी."

तो बसला.