आमची बारव सापडली!

मंडळी, आज लई खूश आहे, म्हणून चिखलाच्या हातानंच लिहायलेय.

आमचं आडनाव बारवकर. सासरचे सगळे सांगायचे, आपण बारव नावाच्या गावाहून आलो. ते गाव कुठंय, कुणालाच माहीत नाही. सासरे म्हणायचे, "उस्मानाबादेतून लातूर जिल्हा फुटला, तवा कुठं गेलं काय माहीत!"

या घरची एक रीत आहे. हळदीच्या आधी शेतातल्या बाभळीखाली भरली घागर ओतायची. आता नणंदेचं लग्न तोंडावर, आणि शिरूर अनंतपाळचा टँकर येईना. मी घागरीला आडवी आले. "प्यायला पाणी न्हाई अन् मातीत ओतता?"

सासरे म्हणाले, "पाण्याचं पाण्याला म्हणून ओतायचं असतं. जुनी रीत हाय."

"मामा, म्हंजे तिथं पाणी असंल की!"

दीर हसले. मी कुदळ घेऊन गेले. घडीव दगडाची पायरी लागली, मग तिच्याखाली दुसरी. मग हसणारे दीरच जेसीबी घेऊन आले. पायऱ्यांची अख्खी विहीर, म्हणजे बारवच, तिथं गाडलेली होती! आम्ही कुठूनच आलो नव्हतो, इथलेच होतो.

आज दुपारी तळाला पाझर फुटला. सासऱ्यांनी तीच घागर भरली आणि पहिली ओंजळ मला दिली. "पी, बारवकरीण!"

तुमचं आडनाव कुठून आलं? घरी विचारा. उत्तर पटलं नाही तर गप्प बसू नका.