मब्रूकाचे बारा शब्द

"चाखल्याशिवाय मी मान हलवत नाही," असं मब्रूका उठता-बसता म्हणायची. इजिप्तच्या वाळवंटातल्या, मिठाच्या तळ्याकाठच्या आमच्या सीवाच्या वस्तीत तिची मान हलवून घेणं ही सोपी गोष्ट नव्हती. झऱ्याचं पाणी गोड आहे असं कुणी सांगितलं, तरी ती स्वतः ओंजळ भरून बघायची. खजुराचा व्यापारी, सुईण, मशिदीतला इमाम, मी, सगळे तिच्या नजरेच्या चाळणीतून गाळून निघालेले. एकाच माणसावर तिचा संशय कधी गेला नाही, आणि तो म्हणजे तिचा मुलगा महदी.

मी तिची शेजारीण. नवऱ्याच्या नोकरीपायी मी सहा वर्षं समुद्राकाठी मत्रूह शहरात काढली, म्हणून मला अरबी येते. मब्रूकाला येत नव्हती. आमच्या सीवातल्या जुन्या बायका आपल्याच बोलीत जन्मतात आणि आपल्याच बोलीत मातीत जातात.

महदीने मत्रूहची बायको केली. नज्वा तिचं नाव. तिला आमची बोली येईना, सासूला तिची येईना. जेवताना महदी दोघींच्या मध्ये बसायचा आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगायचा. चार महिन्यांत त्याने आईच्या कानावर घातलं ते असं, की सुनेला इथलं तेल सोसत नाही, खजूर घशाखाली उतरत नाही, ती सुकत चालली आहे. तिला जगवायची तर मत्रूहला न्यावी लागेल, आणि त्यासाठी बापाची ऑलिव्हची बाग विकावी लागेल. बागेत मब्रूकाचाही वाटा होता. तिने हो म्हटल्याशिवाय ती विकता येत नव्हती.

एका सकाळी मब्रूका माझ्या चुलीपुढे येऊन बसली. "पोरी, ती बया खोटारडी आहे. ताट पुसून खाते, आणि म्हणे सोसत नाही. मला खाण्यापिण्याचे अरबी शब्द शिकव."

त्यापेक्षा मीच तिला विचारते, असं मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या तोंडचं मला नको. तुझ्या तर मुळीच नको. तू तिकडचं पाणी प्यालेली."

खरं सांगायचं तर मलाही मब्रूकाचा संशय आला. सुनेला तिच्याच भाषेत टोमणे मारायचे असतील, असं मला वाटलं. तरी मी शिकवायला बसले. मीठ म्हणजे मल्ह. तेल म्हणजे झेत. भाकर म्हणजे ऐश. ती पुटपुटत घरी जायची, पण माझा शब्द माझ्यावर विसंबून घ्यायची नाही. नाईलकाठून इथे येऊन दुकान थाटलेल्या, फक्त अरबी कळणाऱ्या वाण्याकडे जायची, पायरीवर उभी राहून तेवढा एकच शब्द म्हणायची आणि तो काय काढून देतो ते बघायची. तिने मल्ह म्हटल्यावर त्याने मिठाची पिशवी पुढे केली, तेव्हा कुठे तो शब्द तिच्या घरात शिरला. गोड आणि कडू दुकानात मिळत नाहीत. तेव्हा तिने मला आधी पिकला खजूर खायला लावला, मग झाडावरचं कच्चं ऑलिव्ह. माझं तोंड नीट न्याहाळलं आणि मग दोन्ही शब्द घेतले, हिल्व आणि मुर्र. असे बारा शब्द झाले.

शुक्रवारी नमाजानंतर बागेचं गिऱ्हाईक येणार होतं. त्या दिवशी भाकरी भाजायला मब्रूकाने मलाच बसवलं. तोंड उघडायचं नाही, एवढंच सांगितलं.

ताटात मसूर होती, खारवलेली ऑलिव्हं होती, त्याच बागेचं तेल होतं. नज्वाने भाकरीचा तुकडा तेलात बुडवला, खाल्ला, आणि ती नवऱ्याला अरबीत म्हणाली की आईंना सांग, असं गोड तेल माझ्या बापाच्या घरी कधी आलं नाही. माझ्या हातातली भाकर भट्टीच्या तोंडाशीच राहिली.

महदी आईकडे वळला. "ती म्हणते तेल कडू आहे. पोटात आग पडते. आज तरी हो म्हण, आई."

मब्रूकाने आधी सुनेकडेच बघितलं, जणू अजून तिथेच काही लपलं असेल. मग तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली. "झेत," ती म्हणाली. "हिल्व? मुर्र?"

नज्वा आधी दचकली. मग तिचा चेहरा असा उजळला की चार महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. "हिल्व," ती म्हणाली. "हिल्व, हिल्व." आणि हातातली भाकर वाटीत पुन्हा बुडवली.

महदी घाईघाईने म्हणाला की शहरातल्या लोकांची बोलायची तऱ्हा वेगळी असते, तुला नाही कळायची.

"मुर्र तिच्या तोंडी आलाच नाही रे," मब्रूका म्हणाली. "मी वाट बघत होते. चार महिने मी हिच्या ताटावर पाळत ठेवली आणि तू माझ्या शेजारी बसून जेवत होतास."

मग सगळं बाहेर आलं. मत्रूहला मित्राबरोबर त्याला हॉटेल काढायचं होतं. नज्वाला परत तिकडे, सावत्र आईच्या गल्लीत, जायचंच नव्हतं. तिला त्याने सांगितलं होतं की आईच्याच गुडघ्यांच्या इलाजासाठी शहर गाठायचं आहे. हे नज्वा अरबीत बोलली आणि मी न राहवून आमच्या बोलीत सांगितलं. मब्रूकाने ते ऐकलं, माझं तोंड न्याहाळलं, आणि नज्वासमोर आपल्या गुडघ्यावर थाप मारून नाही म्हणून हात हलवला.

"तुला जायचं होतं तर तुझ्या तोंडाने सांगायचंस," ती मुलाला म्हणाली. "मी रडले असते, पण ऐकलं असतं. हिचं तोंड कशाला वापरलंस?"

बाहेर गिऱ्हाइकाची गाडी येऊन थांबली.

मब्रूकाने डोक्यावरून करडी चादर ओढली, झावळ्यांची टोपली उचलली. बाग विकायची नाही, हे गिऱ्हाइकाला तूच सांग, असं मुलाला म्हणाली. ती उंबऱ्याबाहेर पडली. नज्वा क्षणभर घुटमळली, मग चादर सावरत मागे धावली. गाडीला वळसा घालून दोघी बागेच्या वाटेला लागल्या. तिथे मब्रूका थांबली आणि तिने सुनेला हाताने पुढे काढलं. मागून, नजरेआड चालणारं माणूस तिला अजूनही चालत नव्हतं.

दारात उभा राहून महदी बघत होता. त्याच्या खांद्याआडून, पिठाच्या हातांनी, मी.