सासरची गाडी

दोन वर्षं गोठ्यात उभी असलेली मोटारसायकल मी पिंपळगाव रेणुकाईहून टेंभुर्णीपर्यंत कशीबशी आणली. सारखी गचके खायची, वेग कमी केला की बंद पडायची. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं आधी गाडी कुठली ते विचारलं. गावाचं नाव ऐकताच तो उठला, टोपी सारखी केली आणि खांद्यावरच्या रुमालानं सीटवरची धूळ पुसली.

मग त्यानं शिळं पेट्रोल काढलं, कार्बोरेटरमधली चिकट घाण धुतली, प्लग घासला. किक मात्र दर वेळी मलाच मारायला लावली.

"माझी सासुरवाडी हाय ती. पाहुण्याला लाथ मारू का?"

मी हसत, घाम गाळत किका मारत राहिलो. शेवटी इंजिन एका लयीत चालू लागलं. तरी तो कान लावून उगाच स्क्रू फिरवत बसला.

"झाली ना?" मला घाई होती.

"मघाच झाली. बायको वारली तव्हापासून तिकडून कोणीच आलं न्हाई. बसू द्या जरा."

मी समोरून दोन चहा मागवले. निघताना टाकीवर हात ठेवून तो म्हणाला, "बिघडली न्हाई तरी आणत जा."